अकरा वर्षांची मोटार

वाचकहो, या सदरातून आपण आजवर आहार, निद्रा, ऋतुमानाप्रमाणे होणारे विकार, मधुमेह आणि सांधेदुखी यांविषयी बोलत आलो. आज मी आपल्यासमोर एक मोटार आणून उभी करणार आहे. कुटुंबाच्या आरोग्याशी मोटारीचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर मन कशात गुंतवावे, असे विचारणारी पत्रे मला सातत्याने येतात आणि ‘हातांना एखादे काम द्या’ हे उत्तर मी इतक्या वेळा लिहिले आहे, की त्या उत्तराची दुसरी बाजू सांगणे आता माझे कर्तव्य ठरते. छंद हे औषध आहे, हे खरे. पण औषध म्हटले की मात्रा आली आणि पथ्यही आले.

माझी कन्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिच्या शेजारच्या घरात एक वयस्क दांपत्य आहे. त्यांतील गृहस्थांनी उभे आयुष्य एका कारखान्यात लेथवर काम करण्यात घालविले. २०११ सालच्या शरदात मी प्रथम तेथे गेले, तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, जेथे त्यांची रोजच्या वापरातील गाडी उभी असावयाची, तेथे गंजलेल्या पत्र्याचा एक सांगाडा ठेवलेला होता. १९३० सालच्या फोर्ड ‘मॉडेल ए’ या छोट्या कूपे मोटारीचे ते नुसते कवच होते. त्यात ना इंजिन, ना आसने, ना काचा. एका शेतकऱ्याच्या कोठारातून त्यांनी ते विकत आणले होते.

“हिची मी पारंपरिक हॉट रॉड बांधणार,” ते मला म्हणाले.

“किती काळ लागेल?” मी विचारले.

“दोन वर्षे.”

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, केवळ हसल्या. प्रत्यक्षात अकरा वर्षे लागली.

‘हॉट रॉड’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगते. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या, स्वस्त फोर्ड मोटारी विकत घेत. त्यांचे मडगार्ड, बॉनेट, टप असे जे जे काढता येईल ते काढून त्या हलक्या करीत आणि इंजिनाची शक्ती वाढवून लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील मोहावी वाळवंटात नेत. तेथे म्युरॉक आणि एल मिराज ही कोरडी सरोवरे आहेत. त्यांच्या सपाट तळावर या गाड्यांच्या वेगाची परीक्षा होई. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल असे आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन बाजारात आणले. २२१ घनइंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, क्षमतेचे हे इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या शेजारी ठोकळ्यातच बसविलेले असत आणि वरचे झाकण सपाट असे; म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणू लागले. १९३७ साली या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि तळ्यांवरची मुले सैन्यात गेली. त्या काळात व्हीडा ऑर या स्वतः शर्यतीत गाडी चालविणाऱ्या स्त्रीने संघटनेचे वार्तापत्र चालू ठेवले आणि ते परदेशी गेलेल्या मुलांपर्यंत पोचविले. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले, १९४९ साली युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर संघटनेचा वेगसप्ताह भरू लागला आणि चार तरुणांचा खटाटोप देशभर पसरला.

आज ‘पारंपरिक’ हॉट रॉड म्हणजे साधारणतः १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वी जशी बांधली गेली असती तशी मोटार. चार चाकांवर संगणकाचा मागमूस नाही. पुढे अखंड लोखंडी आस आणि त्यावर आडवी बसविलेली एकच पाट्यांची कमान; जुना तीन गतींचा गिअरबॉक्स; फोर्डने १९३९ पासून वापरात आणलेले हायड्रॉलिक ब्रेक; आणि शक्यतो तेच फ्लॅटहेड इंजिन. आमच्या शेजाऱ्यांनी १९५० च्या सुमाराचे एक इंजिन मिळविले. ते घेण्यापूर्वी त्यांनी तीन इंजिने नाकारली होती. या इंजिनात धुराचे मार्ग ठोकळ्याच्या पोटातूनच जातात. त्यामुळे ते फार तापते आणि व्हॉल्व्ह व सिलिंडर यांच्यामधल्या धातूला बारीक तडे जातात. लोहचुंबक आणि लोखंडाची बारीक भुकटी वापरून ते तडे कसे शोधतात, हे त्यांनी मला मोठ्या उत्साहाने दाखविले. क्ष-किरणाच्या चित्रात अस्थिभंग शोधताना माझा जो चेहरा होत असेल, तोच मला त्यांच्या ठिकाणी दिसला.

त्या भेटीत मी जे पाहिले ते एक वैद्य म्हणून मला मनापासून आवडले. नुकताच निवृत्त झालेला हा मनुष्य रोज सायंकाळी सहा वाजता कामाचे कपडे चढवून गॅरेजमध्ये जाई आणि साडेसातला परत येई. त्या दीड तासात तो वाके, बसे, उठे, बोटांनी बारीक आटे जुळवी, डोक्याने मापे जुळवी. शनिवारी त्यांचे दोन-तीन समवयस्क मित्र येत. एकाला विजेच्या तारांचे ज्ञान, दुसऱ्याचा वेल्डिंगवर हात. पत्नी म्हणाल्या, निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने ते रात्री दोन वाजता जागे होऊन बसत. आता शांत झोपतात. शरीराला हालचाल, बुद्धीला प्रश्न, मनाला सोबत आणि उद्यासाठी ठरविलेले एक लहानसे काम या चार गोष्टी एका ठिकाणी देणारी गोळी माझ्या औषधपेटीत नाही. मी परत आल्यावर याच सदरात त्यांचा नामनिर्देश न करता छंदाचे गुणगान केले होते. ते वाचून काही वाचकांनी अवजारांची पेटी विकत घेतल्याचे मला कळविलेही होते. म्हणूनच पुढची हकीकत सांगणे मला अगत्याचे वाटते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा ओहायोला गेले. मोटार धावू लागली होती. तिला रंग नव्हता, टप तीन इंचांनी खाली आणलेला होता आणि आसनाच्या जागी एक लाकडी खोके होते. तरीही ती गल्लीतून एक फेरी मारून आली होती. आता ते तिचा प्रत्येक सुटा भाग पुन्हा वेगळा करीत होते. मला नवल वाटले. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की, अशी गाडी दोनदा बांधावी लागते. प्रथम ती उघड्या पत्र्यातच संपूर्ण जोडून, चालवून पाहावयाची. काय घासते, काय गळते, काय तापते ते पाहून दुरुस्त करावयाचे. आणि मग सर्व सुटे करून, रंगवून, पुन्हा जोडावयाचे. या दुसऱ्या वेळी सुट्या केलेल्या कितीतरी गाड्या खोक्यांतच राहतात आणि मालकाच्या पश्चात खोक्यांसकटच विकल्या जातात, असेही ते हसत हसत म्हणाले.

टप खाली आणण्यासाठी त्याचे खांब कापून पुन्हा जोडलेले होते. त्या सांध्यांवर रुपेरी, करड्या रंगाचा एक गुळगुळीत पट्टा चमकत होता. जमिनीवरही तशीच बारीक पूड पसरलेली होती. आणि त्या पुडीपासून चार हातांवर, एका जुन्या सतरंजीवर, त्यांचा दोन वर्षांचा नातू लाकडी ठोकळे रचीत बसला होता. मुलगा आणि सून दिवसभर कामावर असत, त्यामुळे बाळ आजी-आजोबांकडे असे. आजोबांच्या एका हातात सँडविच होते. बाळाने मधेच एक ठोकळा तोंडात घातला.

“हा पट्टा कशाचा?” मी विचारले.

“शिशाचा,” ते अभिमानाने म्हणाले. “आजकाल सगळे प्लॅस्टिकची लांबी भरतात. पूर्वीचे कारागीर शिसेच वापरीत.”

वाचकहो, जुन्या पद्धतीत पत्र्याचे सांधे भरण्यासाठी सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील यांचा मिश्रधातू वापरतात. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, परंतु लगेच पाण्यासारखा पातळ होत नाही. काही काळ लोण्यासारखा मऊ राहतो आणि लाकडी पट्टीने पसरता येतो. थंड झाल्यावर तो हाताच्या कानशीने घासून सारखा करावयाचा असतो. कानशीचा कीस जड असतो, तो खाली पडतो आणि गोळा करता येतो. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र वेळ वाचविण्यासाठी विजेवर फिरणारा घासयंत्राचा पॉलिश पेपर लावला होता. त्यातून जी धूळ उडते ती डोळ्यांना दिसत नाही इतकी सूक्ष्म असते. ती हवेत तरंगते, कपड्यांवर, केसांवर, बुटांच्या तळव्यांवर बसते आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत येते.

त्या रात्री मी मुलीला माझी शंका सांगितली. ती म्हणाली, “आई, तू दोन महिन्यांची पाहुणी आहेस. ते फार मनाला लावून घेतील.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. सकाळपर्यंत मी स्वतःशीच वाद घातला. परक्या देशात, परक्या घरात, कोणी न विचारता सल्ला देणे मलाही जड जात होते. पण त्या बाळाच्या तोंडातला ठोकळा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. सकाळी मी शेजारी गेले आणि बाळाच्या व आजोबांच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या, असे आजींना सांगितले.

बाळाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ११ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. आजोबांच्या रक्तात २३. अमेरिकेत लहान मुलांसाठी त्या वेळी ५ ही दखल घेण्याची पातळी होती; २०२१ साली ती ३.५ वर आणली गेली. ही पातळी म्हणजे निर्धोक मर्यादा नव्हे, हे लक्षात ठेवावे. लहान मुलाच्या बाबतीत शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा वैद्यकशास्त्राला माहीत नाही. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलात तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. शिवाय त्याचा मेंदू घडत असतो. लक्ष लागणे, भाषा, शिकण्याची क्षमता यांवर होणारा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. तो शाळेत गेल्यावर दिसतो. म्हणूनच बाळ हसतेखेळते आहे, यावर समाधान मानून चालत नाही. घर १९८० नंतरचे होते आणि अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ सालीच बंदी आली होती. त्यामुळे भिंतींचा संशय मिटला. उरले गॅरेज.

या पातळीला औषध द्यावे लागत नाही. शिशाचे मूळ दूर करणे, आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे ठेवणे आणि ठरावीक काळाने तपासणी करणे हाच उपचार. रक्तातील शिसे काही आठवड्यांत, महिन्यांत उतरू लागते. हाडांत गेलेले मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहते. सहा महिन्यांनी बाळाचे प्रमाण ४ वर आल्याचे मुलीने मला कळविले. मी निःश्वास टाकला.

पण आजोबांचे काय झाले, हे मला दोन वर्षांनी कळले. २०१८ साली मी गेले तेव्हा गॅरेजचे दार बंद होते. तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी त्यांनी ते लावले, ते पुन्हा उघडलेच नव्हते. आजींनी सांगितले, “बर्फ लोटायचे फावडे आत आहे, तेही आणायला जात नाहीत. नवीन फावडे घेतले.” ते दिवसभर दूरदर्शनसमोर बसत. वजन वाढले होते, झोप पुन्हा गेली होती. शनिवारचे मित्र येईनासे झाले होते. नातवाला उचलून घेण्यापूर्वी ते क्षणभर थबकत, हे मी स्वतः पाहिले. ज्या कामाने त्यांना निवृत्तीनंतर सावरले होते, त्याच कामाचे सुटे भाग भिंतीपलीकडे खोक्यांत पडून होते.

१९२७ साली ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने बर्लिन येथे केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अर्धवट तोडलेली कामे माणसाला पूर्ण केलेल्या कामांपेक्षा अधिक स्मरतात, असे त्यांत दिसले होते. पुढील संशोधकांना हे सर्वत्र सारखेच आढळले नाही. तरी ज्यांच्या घरी माळ्यावर अर्धवट विणलेला स्वेटर किंवा अर्धी लिहिलेली आत्मकथा आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. अपुरे काम मनात पडून राहते. त्यात अपराधाची भावना मिसळली, म्हणजे ते विश्रांतीही घेऊ देत नाही. एखादी गोष्ट धोक्याची ठरली की, ती बंद करा, असे सांगणे आम्हा वैद्यांना सोपे असते. मी स्वतः तेच सांगितले होते. ती बंद केल्यावर त्या माणसाच्या सायंकाळचे सहा ते साडेसात कसे जातील, याचा विचार मी केला नव्हता. ती माझी चूक होती.

ती दुरुस्त केली त्या घराच्या सुनेने. बाळाची आई म्हणून रागावण्याचा पहिला अधिकार तिचा होता आणि ती रागावलीही होती. पण २०१८ च्या शेवटी तिनेच गॅरेजचे दार उघडले. सासऱ्यांना ती म्हणाली, “तुम्ही गाडी सोडावी असे मला कधीच वाटले नव्हते. मला फक्त स्वच्छ हात हवे होते.” हे आजींनी मला सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता.

मग सर्वांनी मिळून नियम केले आणि ते एका कागदावर लिहून दाराला लावले. कोरडा झाडू कधीही मारावयाचा नाही. जमीन आणि फळ्या ओल्या फडक्याने पुसावयाच्या, आणि सूक्ष्म धूळ अडविणारी उच्च प्रतीची गाळणी असलेलाच व्हॅक्यूम वापरावयाचा. कामाचे कपडे व बूट गॅरेजमध्येच राहतील आणि ते वेगळे धुतले जातील. आत खाणे-पिणे नाही. बाहेर येताना साबणाने हात व तोंड धुवावयाचे. उरलेले शिसे आणि कीस हानिकारक कचरा घेणाऱ्या नगरपालिकेच्या केंद्रात पोचविले गेले. उरलेल्या सांध्यांवर प्लॅस्टिकची लांबी आली आणि तिच्या धुळीसाठीही मुखवटा आला. परंपरेचा थोडा भंग झाला खरा. पण परंपरेबरोबर तिचे विषही जपलेच पाहिजे, असे कोणी सांगितले आहे?

रंगाचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. ‘घरीच बांधलेली’ हा त्यांचा अभिमान होता आणि फवारणीचे यंत्रही त्यांनी आणून ठेवले होते. परंतु आजचे दोन घटक मिसळून मारावयाचे चकचकीत रंग बहुधा आयसोसायनेट या रसायनावर चालतात. त्याच्या फवाऱ्याने काही माणसांना असा दमा जडतो की, पुढे त्याचा अल्पसा वासही सोसवत नाही. साधा कापडी मुखवटा तेथे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारी व्यवस्था आणि स्वतंत्र बंदिस्त खोली लागते. अखेर त्यांनी कवच एका व्यावसायिक रंगाऱ्याकडे पाठविले. घरी काम करणे म्हणजे सर्वच काम घरी करणे नव्हे, हे पटायला त्यांना एक हिवाळा लागला.

असे कितीतरी धोके त्या एका खोलीत असतात. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ दाबाच्या हवेने उडविणे म्हणजे ती फुफ्फुसात भरणे. क्लोरिनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग न वाळविता वेल्डिंग केले, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगच्या प्रखर प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, तर दुखणे त्या क्षणी नव्हे, रात्री सुरू होते. ग्राइंडरचा आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. इतका आवाज कानांनी दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक सोसू नये. हिवाळ्यात दार लावून इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड कोणताही वास, कोणताही रंग न दाखविता प्राण घेतो. आणि जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. मजबूत लोखंडी टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली कोणीही शिरू नये.

२०२२ च्या सप्टेंबरात मी पुन्हा ओहायोत होते. गडद निळ्या रंगाची ती बुटकी मोटार अंगणात उभी होती. शेजारच्या आसनावर बसण्याचा मान त्यांनी मला दिला. इंजिनाचा आवाज पोटात घुमत होता, प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यांना कळत होता, आणि वयाच्या मानाने मी केलेला तो अविचारच म्हणावा लागेल. पण मला फार आनंद झाला.

परतल्यावर ते बराच वेळ चाक धरून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, काल सायंकाळी सहा वाजता मी कपडे बदलून गॅरेजमध्ये गेलो. करायला काहीच नव्हते.” मोठे काम संपल्यावर येणारे हे रितेपण मी बाळंतिणींत पाहिले आहे, मुलीचे लग्न लावून दिलेल्या बापांत पाहिले आहे, प्रबंध लिहून झालेल्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे. तो आजार नव्हे. मात्र महिनाभर टिकला, झोप आणि भूक घेऊन गेला, तर वैद्याला दाखवावे. त्यांच्या घरी त्यावर निघालेला उपाय मला आवडला. दर बुधवारी पतिपत्नी त्या मोटारीतून दहा-बारा मैल जाऊन कॉफी पिऊन येतात. आणि नातू, जो आता आठ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी हिरवळ कापण्याच्या यंत्राचे एक जुने इंजिन फळीवर आले आहे. मी पाहिले त्या दिवशी दोघे ते उघडून बसले होते. काम आटोपले. आजोबा दाराकडे निघाले तसा मागून आवाज आला, “आजोबा, हात धुतलेत?” आजोबा मुकाट्याने नळाकडे वळले.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी हॉट रॉड बांधणार नाही, हे मी जाणते. पण आपल्या घरी कोणी जुनी स्कूटर उघडून बसतो, कोणी रेडिओला डाग देतो, कोणी दिवाळीपूर्वी दारे-खिडक्या खरवडून रंगवितो. भारतात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग खरवडताना त्यात शिसे असू शकते, असेच समजावे. तो ओला करून खरवडावा आणि त्या वेळी लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीत येऊ देऊ नये. डाग देण्याच्या तारेतही बहुधा शिसे असते. ते काम खिडकीजवळ करावे आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. गंजलेल्या पत्र्याशी काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतली आहे ना, हे पाहावे. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल आणि अशी कामे चालत असतील, तर डॉक्टरांना विचारून त्याच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

आणि आणखी एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे काही काम अर्धवट पडले असेल, तर ‘आता कशाला तो पसारा’ असे म्हणण्यापूर्वी एकदा त्यांच्यासह ते खोके उघडून पाहावे. काम कोठे अडले, त्यात कशाची भीती वाटली, हे विचारावे. त्यांना बहुधा गाडी सोडावयाची नसते. दार कोणीतरी बाहेरून उघडावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.